डाव्या बाजूचं पाणी

आमच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक कोपऱ्यातलं काळं ऑइल आणि दुसरे किस्से. ऑइल निदान कोणीतरी कॅन घेऊन येतं आणि ओतून नेतं. किस्से कोणी नेत नाही. ते साचत जातात, आणि रविवारी कोणी चहाला आलं की मी त्यांच्या अंगावर ओतते.

दुकान माझं. अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना रस्त्याला लागून आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली ज्या जाड रबरी पाइपांमुळे उचलली जाते ना, ते हायड्रॉलिकचे पाइप आम्ही कापून, टोकं दाबून तयार करून देतो. आता अशा दुकानात एका निळ्या विलायती मोटारीचं काय काम? काम होतं. ती गाडी, मोर्शीचे नाना, त्यांच्या बायको म्हणजे काकू, अकोल्याचे रफिकभाई मिस्त्री आणि मी, एवढंच आमचं मंडळ.

काकू आता नाहीत. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही हसत बसाल आणि मग मला मध्येच थांबून सांगावं लागेल, ते मला जमत नाही.

*

गाडीबद्दल थोडं सांगावंच लागेल. नानांची संत्र्याची बाग, पण जीव या गाडीत. अचलपूरच्या एका जुन्या डॉक्टरांच्या घरून त्यांनी ती तरुणपणी आणलेली. तिला पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकापाशी रबराचा एक गोळा, आणि त्यात दाबानं भरलेलं पाणी, गंज लागू नये म्हणून औषध घातलेलं, थोडं स्पिरिट मिसळलेलं. डावीकडचं पुढचं आणि मागचं चाक एका नळीनं जोडलेलं, उजवीकडची दोन दुसऱ्या नळीनं. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की पाणी इकडून तिकडे सरकतं आणि गाडी आपली सपाट चालत राहते. मोर्शीच्या रस्त्यावरसुद्धा! बसणाऱ्याला वाटतं, नावेत बसलोय.

पण पाणी कमी झालं की गाडी खाली बसते, आणि जास्त भरलं की ताठरते आणि खडे मोजायला लागते. म्हणून उंची नीट लावावी लागते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप धरायचा, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेलं माप येईपर्यंत हातपंपानं पाणी भरायचं. असा पंप बाजारात मिळत नाही. तो मी जुन्या जॅकपासून बनवून दिला, आणि त्या दिवसापासून गाडी आमची झाली.

पहिल्याच रविवारी रफिकभाई बडनेऱ्याला आगगाडीतून उतरून, थैली खांद्यावर टाकून आले. नाना-काकू आधीच हजर. काकू चांगल्या भारदस्त बाई. गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. एकदा सीटवर बसल्या की बसल्या! मांडीवर ताट, ताटात मेथीची जुडी, निवडणं चालू.

"उतर ना वं थोडी," नाना म्हणाले.

"मंग चढवणार कोण? तुमी? तुमाले तं संत्र्याचं कॅरेट उचलत नाही!"

रफिकभाईंनी अदबीनं पुस्तक पुढे केलं. "काकू, किताब मध्ये लिहेल आहे जी. माप घेताना गाडी खाली, एकदम रिकामी पाहिजे. सामान पूरा काढा म्हणते."

"मंग काढा ना सामान! डिक्कीतली पेटी काढा, ह्यायची छत्री काढा. मी काय सामान आहो?"

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नानांकडे, नानांनी आभाळाकडे. आणि मग आम्ही काकूंसकट माप घेतलं. नाना म्हणजे अंगानं सायकलच्या दांड्याइतके, ते बसले काय आणि उतरले काय, गाडीला पत्ता लागत नसे. त्यामुळे हिशेब सोपा होता. उजवी बाजू पुस्तकाप्रमाणे रिकामी, आणि डावी काकू बसलेल्या असताना भरायची. डावीकडे पाणी साहजिकच जास्त लागलं. हे चूक आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण काकू त्या गाडीतून कधी उतरणारच नसतील, तर चूक कशी म्हणायची?

पाणी भरल्यावर ते सगळीकडे नीट बसावं म्हणून गाडी दाबून दाबून झुलवतात, पुढे-मागे ढकलतात. आम्ही काकूंना आत ठेवून झुलवलं. मेथीची पानं खिडकीबाहेर!

"बाप्पा! माह्या मायनं पाळण्यात झुलवलं नसन इतकं या रफिकभाईनं झुलवलं," काकू म्हणाल्या. रफिकभाई लाजून गाडीखाली शिरले.

*

माझ्या दुकानाच्या फरशीला नालीकडे उतार आहे. उतारावर गाडीचं माप खोटं येतं. मग सपाट जागा शोधायची मोहीम निघाली. रफिकभाईंच्या थैलीत गवंड्याची ती पारदर्शक नळी असायची, पाणी भरून दोन टोकं धरली की चढउतार कळतो. आम्ही अर्धी अमरावती त्या नळीनं तपासली. सगळं शहर नालीकडे झुकलेलं!

शेवटी नानांच्या ओळखीचं एक मंगल कार्यालय सापडलं. ग्रॅनाइटची फरशी, अगदी आरशासारखी. लग्न संध्याकाळचं होतं, सकाळी हॉल मोकळा. केटरर्सचा टेम्पो शिरतो त्या शटरमधून आम्ही गाडी ढकलत आत नेली. काकू अर्थातच आत बसलेल्या.

आणि नवरदेवाकडची मंडळी सकाळीच हजर! हिवरखेडहून बस करून आलेली. वऱ्हाडात वरात वेळेआधी आल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असेल. नवरीकडच्यांनी एका बाजूला टेबलं लावून रुखवत मांडून ठेवला होता, आणि त्याला अगदी लागून आमची निळी गाडी.

नवरदेवाचे मामा आले. रुखवतातल्या लाडवांवरून नजर फिरवत गाडीपाशी थांबले. टायरवर हात फिरवला. एक चक्कर मारली.

"जुनी दिसून राहिली," ते शेजारच्याला म्हणाले. "पण देणाराचं मन पाहा बाबू!"

आतून काकूंनी काच खाली केली.

"न्या ना बिनधास्त! पण मी संगं येईन. मले उतरता येत नाही."

मामा जे मागे सरकले ते थेट लाडवांच्या टेबलावर. नवरीचे वडील बिचारे दुपारपर्यंत एकेकाला गाठून सांगत होते, "आमी गाडी नाही देऊन राहिलो जी! ते गाडी आमची नव्हे!"

काकूंना लग्नात जेवायला बसवलं. म्हणजे पान गाडीत नेऊन दिलं.

*

एकदा अमरावतीच्या पंचवटी चौकात डावीकडची नळी फुटली. गाडी एका बाजूनं खाली बसली आणि सगळीकडे स्पिरिटचा भपकारा. ट्रॅफिकचा तरुण शिपाई आला, नाक वर करून.

"काका, पिऊन चालवून राहिले? या वयात?"

खरं सांगायचं तर नाना तीर्थसुद्धा वास घेऊन घेणारे. शिपायानं त्यांना फुंकायला लावलं, काही निघालं नाही. पण वास तर येतोच आहे! मग त्यानं संशयानं काकूंकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहता? प्याली तं गाडी प्याली!" काकू म्हणाल्या. "पाहा ना खाली वाकून. धड उभं राहता येऊन नाही राहिलं तिले!"

तो पोरगा खरोखर वाकला. उठला तेव्हा हसू आवरत नव्हतं. मग त्यानंच चारजण जमवून गाडी कडेला लावली. मी नवीन पाइप घेऊन रिक्षानं पोचले, तेव्हा काकू खिडकीतून त्याला मेथीची भाजी ताकात कशी करायची ते सांगत होत्या आणि तो पोरगा मान डोलवत ऐकत होता.

*

इथपर्यंतचे किस्से मी पाहुण्यांना हसत सांगते. पुढचे सांगताना चहा गार होतो.

काकूंच्या पाठीत दुखायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं गुडघ्यांचंच खूळ वर चढलंय. मग अमरावतीच्या डॉक्टरांनी फोटो काढले. कॅन्सर दुसरीकडे होता आणि मणक्यापर्यंत पोचला होता. नानांनी मला फोनवर सांगितलं आणि लगेच गाडीच्या टायरबद्दल बोलायला लागले. मीही टायरबद्दलच बोलत राहिले. दुसरं काय बोलणार होते?

दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, मोर्शी ते अमरावती. पहिल्या खेपेला लेकीच्या आग्रहानं अँब्युलन्स बोलावली. लेक पुण्याला, तिला वाटलं अँब्युलन्स म्हणजे सोय. अँब्युलन्सचा ड्रायव्हर माणूस चांगला होता, पण त्या गाडीचे पाटे आणि आमचे रस्ते! प्रत्येक गचक्याला काकूंच्या मणक्यातून कळ जायची. ज्या बाईच्या तोंडून मी कधी 'हाय' ऐकलं नव्हतं, ती बाई अर्ध्या वाटेत ओरडली.

"बापू, दवाखान्यात नेऊन राहिला का डायरेक्ट वर?"

ड्रायव्हर रडवेला झाला. काकूंनीच मग त्याला धीर दिला. पण परत येताना त्यांनी स्ट्रेचरवर चढायला साफ नकार दिला.

"माही गाडी आना," म्हणाल्या.

तेव्हापासून उंची लावणं हा आमचा रविवारचा खेळ राहिला नाही. पाणी कमी पडलं तर गाडी खड्ड्यात खाली टेकणार आणि धक्का काकूंच्या पाठीत. पाणी जास्त झालं तर गाडी ताठरणार आणि रस्त्यातला खडा न् खडा काकूंच्या पाठीत. मध्ये एक बारीक जागा होती, जिथे काकूंना दुखत नव्हतं. ती जागा शोधायला रफिकभाई प्रत्येक खेपेला अकोल्याहून यायचे. कधी एकदा म्हणून सांगितलं नाही की जमत नाही.

*

काही महिन्यांनी रफिकभाई टेप हातात धरून बराच वेळ डाव्या चाकापाशी बसून राहिले. मग उठून माझ्या काउंटरपाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, लेफ्ट साइड उठून राहिली."

"पाणी तर तेवढंच आहे ना?"

"पाणी तितलंच आहे."

आम्ही दोघांनी गाडीकडे पाहिलं. काकू सीटवर होत्या. ताट मांडीवर होतं, पण ताट आता मांडीपेक्षा मोठं दिसत होतं.

ताठर झालेली बाजू मऊ करायची तर डावीकडचं पाणी थोडं सोडायला हवं. रफिकभाईंनी वाल्व्हची टोपी काढली, आणि थोडंसं पाणी वाटीत सुटलं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. गर्मीच्यानं पाणी फुगते."

पुढच्या खेपेलाही पाणी फुगलं. त्याच्या पुढच्या खेपेला पाऊस झाला होता, पेटीतून स्वेटर काढून घालावे अशी हवा, तरी पाणी फुगलेलंच. नाना दर वेळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पानठेल्यापाशी उभे राहायचे, आमच्याकडे पाठ करून. ते पान खात नाहीत.

मग रफिकभाईंनी एक युक्ती केली. माझ्या दुकानातल्या जुन्या नट-बोल्टांची एक पिशवी बांधली आणि काकू दवाखान्यात आत असताना त्यांच्या सीटखाली सारली. म्हणजे वजन भरून निघेल, गाडी बसेल, आणि काकूंसमोर पाणी सोडायची वेळच येणार नाही. मला युक्ती आवडली. नानांना तर इतकी आवडली की त्यांनी रफिकभाईंचा हात धरला.

घरी जाताना पहिल्याच स्पीड ब्रेकरला सीटखालून खळ्ळ!

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काकूंचा फोन. "ताई, माह्या सीटखाली लोखंड कोणं ठेवलं वं? मी भंगारात निघाली का आताच?"

मी काहीतरी पुटपुटले. काकू हसल्या, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र दुकानातल्या पोरांना मी विनाकारण झापलं.

त्यानंतरच्या खेपेला रफिकभाई वाटी घेऊन वाल्व्हपाशी बसले. काकूंनी काच खाली केली.

"रफिकभाई, दवाखान्यातला काटा मले कोणी दाखवत नाही. नर्स ह्यायले बाहेर नेऊन कानात सांगते. तुमी खरं सांगा. पाणी फुगून राहिलं का मी वाळून राहिली?"

रफिकभाई नमाजी माणूस. खोटं त्यांना जड जातं. आजवर जेवढं बोलले होते तेवढंच त्यांना पुरे झालं होतं. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"दोन्ही, काकू."

काकूंनी मान डोलावली. "मंग सोडा पाणी. ते लोखंड काढा आधी. मले टोचते."

*

अकोल्याचा किस्सा रफिकभाईंच्या मुलीच्या निकाहचा. काकू अशा अवस्थेत येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण त्यांनी हिरवी साडी काढली, डॉक्टरांना विचारलं नाही, नानांना सांगितलं, "पोरीच्या बापानं माह्यासाठी इतके हेलपाटे मारले, आन् मी घरी पडून राहू?"

आदल्या दिवशी रफिकभाई स्वतःच्या घरचा मांडव सोडून अमरावतीला आले. घरी त्यांना शिव्या बसल्या असतील. त्यांनी पुन्हा एकदा डावी बाजू लावली. त्या दिवशी त्यांनी जितका वेळ घेतला तितका कधीच घेतला नव्हता. जरा पाणी सोडायचे, गाडी झुलवायचे, काकूंना विचारायचे, पुन्हा टेप धरायचे. शेवटी काकू म्हणाल्या, "आता काहीच लागून नाही राहिलं." तेव्हा उठले.

निकाहच्या दिवशी मी आधीच अकोल्याला पोचले होते. दुपार टळत आली, जेवणं सुरू झाली, नाना-काकूंचा पत्ता नाही. रफिकभाई एका हातात फुलांची माळ आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभे.

"नाना, कुठी आहा तुमी?"

"तुमच्याच गल्लीतून जाऊन राहिलो," नानांचा आवाज अगदी दबका.

"मंग थांबा ना! मी दारातच उभा आहो."

"दिसले मले तुमी. पुढं निघालो आता."

फोन बंद. रफिकभाई माझ्याकडे बघत राहिले. "ताई, नानाले काही झालं का?"

थोड्या वेळानं निळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. बैलगाडीच्या चालीनं. आमच्यासमोरून गेली. नानांनी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओठांवर ठेवलं आणि पुढे निघून गेले. तेव्हा आम्हाला दिसलं. काकू झोपल्या होत्या. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, मांडीवर आहेराचं पाकीट.

मूर्तिजापूरच्या पुढे डोळा लागला होता, हे नानांनी नंतर सांगितलं. किती दिवसांत त्या बाईला दुखण्याविना झोप आली नव्हती. गाडी थांबली तर जाग येईल म्हणून नाना अकोल्यात शिरले आणि फिरत राहिले. बाजारातून, स्टेशनकडून, पुन्हा गल्लीत, पुन्हा बाजारात. गल्लीतल्या पोरांना खेळच मिळाला, गाडी दिसली की ती तोंडावर बोट ठेवून उभी राहायची. बिर्याणीची डेग झाकून ठेवली. रफिकभाईंच्या बेगमनी बँडवाल्याला दम भरला, "एक आवाज नाही पाहिजे!"

बिनावाजंत्रीचा तो निकाह अकोल्यात अजून सांगतात. काकू जाग्या झाल्या तेव्हा दिवे लागले होते. नवरी स्वतः गाडीपाशी आली, खिडकीतून वाकली.

काकू डोळे चोळत नानांवर खेकसल्या, "आलं तं उठवाचं नाही का? लोकं काय म्हनतीन!"

*

काकू वारल्या त्या मोर्शीला, घरीच, दुपारच्या वेळी. मी गेले होते. रफिकभाईही आले होते, मागे भिंतीला टेकून उभे होते. गाडी अंगणात होती, आणि तिच्याकडे कोणीच पाहत नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस नाना फिरकले नाहीत. मी फोन करायचे, ते संत्र्याचा बहार कसा आहे ते सांगायचे. मग एका रविवारी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. रफिकभाईंना त्यांनी स्वतःच बोलावून घेतलं होतं.

नाना आणखी वाळले होते. गाडीची डावी बाजू वर उठलेली होती, सीटवर कोणी नव्हतंच ना. रफिकभाईंनी टेप लावला, आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "नाना, आता पुस्तकाचं माप लावून देतो. रिकाम्या गाडीचं. दोन्ही बाजू बरोबर येतीन. डावीकडचं पाणी सोडा लागन बस."

"सोडू नका," नाना म्हणाले. "भरा."

"आं?"

"आजाराच्या आधी जितलं होतं, तितलं भरा. चांगली होती तवा जे माप होतं, ते लावा."

रफिकभाईंनी समजवायचा प्रयत्न केला. गाडी एका अंगानं चालेल, टायर खाईल, तुम्हालाच गचके बसतील. नानांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. एखादं गिऱ्हाईक पाइपची लांबी सांगतं तसं सांगितलं.

आता अडचण अशी, की ते माप काकू बसलेल्या असतानाचं. ते पुन्हा लावायचं तर डाव्या सीटवर तेवढं वजन पाहिजे. रफिकभाई इकडेतिकडे पाहायला लागले. दुकानात लोखंड खूप होतं, पण त्या सीटवर लोखंड ठेवायची हिंमत त्यांना झाली नाही. मग हळूहळू दोघंही माझ्याकडे बघायला लागले. काकू धडधाकट होत्या तेव्हा त्यांचं जे वजन होतं, ते आज माझं आहे. हे तोंडावर बोलायची दोघांचीही प्राज्ञा नव्हती. मीच हातातला पाना ठेवला आणि जाऊन बसले.

इतकी वर्षं गाडीखाली, गाडीभोवती राबले, पण त्या सीटवर कधी बसले नव्हते. सीट एका जागी दबलेली होती. रफिकभाई पंप मारत होते. प्रत्येक दाबासरशी माझी बाजू थोडी थोडी वर येत होती. नाना समोर उभं राहून चाकाकडे पाहत होते.

"झालं," रफिकभाई म्हणाले. "ताई, उतरा आता."

मी दाराला हात लावला. तेवढ्यात नाना वळसा घालून आले आणि स्टिअरिंगवर बसले. त्यांनी गाडी चालू केली. मग मी हात काढून घेतला. रफिकभाई वाटी हातात घेऊन बाजूला झाले.

आम्ही बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलो. गाडी सरळ चालली होती, एकदम सपाट. नाना समोर पाहत होते, मीही समोर पाहत होते.

पुढे कॉलेजपाशी एक दांडगा स्पीड ब्रेकर आहे. नानांनी लांबूनच वेग कमी केला. मागून हॉर्न वाजायला लागले. गाडी जवळजवळ थांबली, मग पुढचं चाक चढलं, उतरलं, मागचं चढलं, उतरलं. पोटातलं पाणी हललं नाही.

"लागलं का वं?" नानांनी विचारलं.

"नाई," मी म्हटलं.